म्हातारं माणूस सोबत आणा

"हसायचे का हो?"

काउंटरवर आधार कार्ड ठेवलं की मामांचा पहिला प्रश्न हा. फोटो केवढा पाहिजे, फ्रेम कोणती, कधी पाहिजे, हे सगळं नंतर. आधी ते कार्ड चिमटीत धरायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे, तो टिकलीएवढा चेहरा नाकाजवळ आणून बघायचे आणि समोरच्या सुजलेल्या डोळ्यांच्या माणसाला हळूच विचारायचे, "हसायचे का हो?"

मलाही विचारलं होतं. माझे वडील, आमचे आबा, गेले त्याच्या चौथ्या दिवशी. दहाव्याला फोटो पाहिजे म्हणून सगळं घर पालथं घातलं, तर आबांचा एकट्याचा असा फोटोच नाही. बहिणीच्या लग्नाच्या अल्बममध्ये होते, पण एकात पाठमोरे, एकात पंगतीत वाढताना वाकलेले, एकात निम्मे आबा आणि निम्मा मंडपाचा खांब. राहिलं आधार कार्ड. ते घेऊन मी आणि मेहुणे लोह्याजवळच्या आमच्या गावाहून नांदेडला आलो. वजिराबादेतल्या एका गल्लीत मामांचं कॅमेऱ्याचं दुकान होतं, तिथं कुणीतरी पाठवलं.

आता तुम्हाला म्हणून सांगतो, आमचे आबा हसायचे नाहीत. लई कडक माणूस. मी एसटीत कंडक्टर म्हणून लागलो, तेव्हा पेढा तोंडात टाकून ते एवढंच म्हणाले, "आता तरी शर्टाची बटनं लावत जा." झालं कौतुक. पण दुकानात मेहुणे शेजारी उभे, एक परका माणूस इतक्या मायेनं विचारतोय, आणि 'नाही हो, कधीच नाही' म्हणायला माझी जीभ रेटेना. मी म्हणालो, "हो. लई हसायचे."

मामांनी मान हलवली. कॉम्प्युटरवर आबांचा चेहरा मोठा केला, डाग पुसले, उघड्या डोक्यावर पांढरी टोपी चढवली आणि ओठांचे दोन्ही कोपरे कणभर वर उचलले. दोन दिवसांनी फ्रेम घरी आली तेव्हा भावकीतले सगळे म्हणाले, काय झकास फोटो झालाय. माझ्या मायनं तो एकदाच बघितला आणि ती चुलीकडं निघून गेली. मला वाटलं, दुःख आवरेना म्हणून गेली असेल.

मामांचं नाव इथं लिहीत नाही. नाव बऱ्याच जणांना ठाऊकही नव्हतं. गिऱ्हाईक, शेजारी, चहावाला, सगळे मामाच म्हणायचे. साठीच्या पुढचे, अंगानं काटकुळे, बारा महिने फिकट सफारी शर्ट आणि खिशात कंगवा. डोक्यावर केस चारच, पण कंगवा फोटो काढायला येणाऱ्यांसाठी. दुकानात पुढं काचेच्या कपाटांत कॅमेरे आणि लेन्स, मागं पडद्याआड पासपोर्ट फोटोची खोली, आणि कोपऱ्यात तो कॉम्प्युटर. पंचक्रोशीतली किती गेलेली माणसं त्या पडद्यावर येऊन गेली असतील, देव जाणे.

आबांच्या फोटोच्या निमित्तानं मी तिथं गेलो तो तिथलाच झालो. ड्युटी संपली की डेपोतून थेट दुकानात. सहा महिन्यांत मामांकडूनच एक जुना कॅमेरा घेतला आणि नांदेड-लातूर गाडीवर असताना थांबा मिळाला की फोटो काढत सुटलो. अहमदपूरचा स्टँड, टोपलीवर रेलून झोपलेली बाई, खिडकीतून डोकं काढलेली शेळी. मामा मला नावानं कधी बोलले नाहीत. "या कंडक्टर," म्हणायचे, "आज काय धरून आणलं?"

माझ्यासारखे हौशी लोक दुकानात बरेच जमायचे. कुणी मास्तर, कुणी औषधवाला, कुणी कॉलेजातली पोरंपोरी. त्यांच्यासाठी मामा दिवाळीनंतरच्या एका रविवारी "उघडं कपाट" ठेवायचे. म्हणजे काय, तर त्या दिवशी सगळ्या कपाटांची कुलपं काढायची, सगळे कॅमेरे, सगळ्या लेन्स लांबलचक टेबलावर मांडायच्या आणि कुणीही यावं, काहीही उचलावं, दिवसभर फोटो काढावेत. विक्री बंद. ज्या लेन्सकडं आपण वर्षभर काचेला नाक लावून बघितलेलं, ती त्या दिवशी आपल्या हातात. लातूरहून, औशाहून पोरं पहाटेच्या गाडीनं यायची.

पहिली काही वर्षं हे असंच चाललं. मग एका साली सगळ्यांनी आपापले चांगले फोटो दाखवायला आणले, तर बारा जणांचे बारा फोटो इस्लापूरच्या सहस्रकुंड धबधब्याचे. पाणी दुधासारखं, पाणी धुरासारखं, पाणी सोनेरी. मामांनी सगळे बघितले, "छान, छान" म्हणाले आणि मग एकदम उखडले.

"काय रे, ते पाणी पळून चाललंय का? ते उद्याबी तिथंच हाय. घरातलं म्हातारं उद्या हाय का?"

मामा पुढं बोलले, "रोज एक कार्ड येतं माझ्याकडं. रोज मी एक माणूस अंदाजानं बनवायलो. लाखाचे कॅमेरे गळ्यात घालून फिरता आणि आजीचा एक फोटो न्हाई घरात. लाज वाटू द्या जरा."

पुढच्या साली दारावर पाटी लागली. 'विक्री बंद. हात लावणे चालू. सोबत एक म्हातारे माणूस आणावे, त्याशिवाय प्रवेश नाही.' खाली बारीक अक्षरात, 'माणूस स्वतःच्या पायाने चालत आलेले असावे.' आलेल्या म्हाताऱ्या माणसाचा फोटो आणणाऱ्यानंच काढायचा, मामा तिथल्या तिथं छापणार आणि तो संध्याकाळच्या आत ज्याचा त्याच्या हातात द्यायचा.

जन्मभर दुसऱ्यांना तिकीट विचारणाऱ्या माझ्याकडं कुणीतरी तिकीट मागत होतं, आणि तेही असलं. दुकानात जत्राच उसळली. आज्या पाय पोटाशी घेऊन प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलेल्या, चहा बशीत ओतून घ्यायलेल्या, एकमेकींची सोयरीक शोधायलेल्या. दोन हौशी पोरांनी तर कमालच केली. घरात म्हातारं कुणी नाही म्हणून औशाहून आलेल्या मित्राचाच आजोबा तिघांनी पाळीपाळीनं दाखवला. आजोबाही बेरकी, दर वेळी टोपी बदलून यायचे. तिसऱ्यांदा मामा म्हणाले, "आजोबा, सकाळपासून तुम्हाला तीन नातू झाले. अजून किती होणार हायत?" आजोबा म्हणाले, "च्या मिळतोय तवर होऊ द्या की."

दुसऱ्या एकानं पांढऱ्या केसांचा काका आणला होता, वय असेल पंचेचाळीस. मामांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "ह्यांना घेऊन जा, आणि वीस वर्सांनी परत आणा," म्हणाले.

मी मात्र शेजारच्या घरातले एक रिटायर ड्रायव्हर नेले होते. कारण माय येईना. फोटोच्या नावानं ती अंगावर यायची. आबांच्या फ्रेमखाली रोज दिवा लावायची, पण मान वर करून बघायची नाही. हार बदलायचं काम माझं. मी लई मागं लागलो तेव्हा एकदा फटकन म्हणाली, "मला नगं नेऊस तुझ्या मामाकडं. मलाबी हसवंल." तेव्हा मला कळलं, ती फोटोकडं का बघत नाही. कळलं, पण आबा हसायचे असं मामांना मीच सांगितलं होतं, हे तिला सांगायचा धीर झाला नाही. आपलंच खोटं भिंतीवर टांगलेलं, आणि त्याखाली बसून रोज जेवायचं. सोपं नसतं ते.

आणि मग ती भानगड झाली. त्या उघड्या कपाटाला आलेल्यांपैकी तिघं जण वर्षभरात गेले. आता तिघंही ऐंशीच्या पुढचे, एकाला तर धरून उठवायला लागायचं. पण लोह्याच्या बाजारात कुणीतरी सोडून दिलं, "त्या दुकानात फोटो काढला की वरीस निघत न्हाई." झालं. माझ्याच गाडीत दोन बाया बोलत होत्या. एक म्हणे, "फोटो काढायचा बहाणा हाय ओ, आधीच हाराचं माप घ्यायलेत." मी तिकिटं फाडायची सोडून त्यांच्याशी भांडलो. अख्खी गाडी माझ्याकडं बघायला लागली. शेवटी ड्रायव्हर ओरडला, "मास्तर, बेल तरी मारा!"

त्या साली उघड्या कपाटाच्या आदल्या दिवशी मी घरीच होतो. जेवताना मायला सांगितलं, की उद्या कुणीच म्हातारं येणार नाही, ज्यांना विचारलं त्या सगळ्यांनी हात जोडलेत, मामांनी अन्नपाणी गोड लागत नाही असं तोंड केलंय. माय ताटं उचलायला लागली. सकाळी मी निघालो, तर ती ठेवणीतलं लुगडं नेसून दारात उभी. काखेत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी.

"चल. मी येते."

"माय, लोक काय म्हणायलेत ठाऊक हाय ना?"

"हाव. सत्तरी उलटली माझी. मला काय भ्या दाखवायलेत? मला तुझ्या मामाला एक गोष्ट इचारायचीय."

आम्ही पोचलो तेव्हा टेबलावर कॅमेरे मांडलेले, सहा-सात पोरं भिंतीला टेकून उभी, आणि तीस खुर्च्या मोकळ्या. मामा दारातल्या पाटीकडं बघत बसले होते. बहुतेक ती उतरवायच्या विचारात असावेत. मायला बघून उठले, "या आक्का, या, बसा."

माय बसली नाही. टॉवेल सोडला, आबांची फ्रेम काउंटरवर ठेवली.

"भाऊ, हा माणूस कोण हाय?"

मामांनी फोटो ओळखला. "आक्का, तुमचेच मालक की."

"न्हाई. इतकी वर्सं झाली घरात हाय, पर आमची काय वळख झाली न्हाई."

पोरं हसली. मायचा आवाज चढला नव्हता. "माझा माणूस हासत नव्हता. हासला आसंल दोन-चार बार. ते माझ्यासमूर. भितीवर टांगायला न्हाई."

मामा माझ्याकडं बघायला लागले. मला जमीन दुभंगावी असं झालं. "मामा, चुकलं माझं," मी म्हणालो, "मीच खोटं बोललो तुम्हाला. माय, मीच सांगितलं त्यांना."

मला वाटलं, दोघंही माझी सालटी काढतील. मामा खुर्चीत खाली बसले, चष्मा काढून शर्टाला पुसत राहिले. "तुमचं काय चुकलं कंडक्टर," ते म्हणाले. "मीच विचारायलो, हसायचे का म्हणून. त्यावर कोण न्हाई म्हणंल? इतक्या वर्सांत दुसरं काही विचारायचं सुचलंच न्हाई मला." मग उठले, दोन खुर्च्या कॉम्प्युटरपुढं ओढल्या. "आक्का, इथं बसा माझ्याजवळ. तुम्ही सांगा, मी करतो. मूळ फोटो मी पुसत न्हाई कुणाचा, ठेवलेला हाय."

कार्डावरचे मूळचे आबा पडद्यावर आले. बोडके, वैतागलेले. माय पुढं सरकली. "हे जवळ आलं जरा."

मग सुरू झालं. टोपी अशी सरळ नाही, पुढाऱ्यासारखी. कपाळावर उतरलेली पाहिजे, डावीकडं कलती. मामांनी कलती केली. हनुवटीवरची खूण कुठं गेली? मामा म्हणाले, तो मी डाग समजून पुसला. "डाग न्हाई त्यो. बैलाचं शिंग लागलंय. आमच्या लग्नाच्या साली." खूण परत आली. ओठ घट्ट. अजून घट्ट. भुवई?

"भुवई वर पाहिजे. उजवी."

"किती वर, आक्का?"

माय विचारात पडली. "दुसऱ्याचं ढोर आपल्या वावरात शिरल्यावर माणूस कसा बघतोय, तेवढी."

पोरं आता सगळी मागं गोळा झाली होती. त्यातला एक शेतकऱ्याच्या घरचा होता, त्यानं स्वतःची भुवई चढवून दाखवली. "आशी का, आजी?" माय म्हणाली, "तुझी जरा मऊ पडली." मामांनी माउस सरकवला, थांबले, पुन्हा केसभर सरकवला.

आणि मायचा हात आपोआप वर गेला. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढून घेतला. आबा वावरातून आले, दारात त्यांच्या वहाणा वाजल्या, की ती असाच पदर ओढायची. पन्नास वर्षांची सवय. पडद्यावरच्या आबांना बघून तिनं पदर ओढला, आपण काय केलं ते तिच्या ध्यानात आलं, आणि ती हसायला लागली. तोंडावर हात धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. "आता हाय," म्हणाली. "आता वरडंल बगा ह्यो."

माझ्या हातात टेबलावरचा एक कॅमेरा होता. कधी उचलला, ध्यानात नाही. मी फोटो काढला.

थोड्या वेळानं माय सावरून बसली आणि मला म्हणाली, "काढ आता माझा." मी म्हणालो, "काढलाय." मामांनी दोन्ही फोटो छापले. आबांचा नवा फोटो तिनं स्वतः फ्रेममध्ये घातला, स्वतःच्या हातानं.

त्या दिवसापासून मामांचा तो प्रश्न बंद झाला. कुणी कार्ड घेऊन आलं की ते घरातलं माणूस कॉम्प्युटरजवळ बसवून घ्यायचे, चहा मागवायचे आणि म्हणायचे, "सांगा, कसे होते?" मग तास जावो नाहीतर दुपार जावो. मागं गिऱ्हाईक खोळंबलं तर खोळंबू द्या. मी कित्येकदा बघितलंय, रडत आलेली माणसं त्या खुर्चीत बसून गेलेल्या माणसाच्या खोडी सांगायची, भांडायचीसुद्धा. "नाक एवढं नव्हतं." "एवढंच होतं, तू कधी बघितलंस?" मामा मध्ये पडायचे नाहीत. दोघांचं एकमत होईपर्यंत थांबायचे.

म्हाताऱ्यांचं म्हणाल, तर ते काम मायनं केलं. पुढचं वरीसभर लोह्याच्या बाजारात जो भेटेल त्याला ती दंड पुढं करून सांगायची, "चिमटा काढून बघ. जित्ती हाय का न्हाई? फोटो काढलाय मी तिथं." पुढच्या उघड्या कपाटाला खुर्च्या कमी पडल्या. पाटीशेजारच्या पहिल्या खुर्चीवर दर साली माय बसायची, आणि आत शिरताना कचरणाऱ्या म्हाताऱ्यांना हाताला धरून ओढायची.

मी मामांचे उपकार मानतो ते फोटोग्राफी शिकवली म्हणून नाही. ती थोडीफार कुठंही शिकलो असतो. माझा खरा बाप त्यांनी मला परत दिला. आता जेवायला बसलो की वर आबा असतात, भुवई चढवून, आणि माझा हात आपसूक शर्टाच्या बटनाकडं जातो. माझ्याकडून झालेली चूक त्या माणसानं एवढ्या लोकांसमोर स्वतःवर घेतली. असा माणूस मी दुसरा बघितला नाही, आणि हे मी त्यांना तोंडावर कधी बोललोही नाही. आपल्याकडं बोलत नाहीत ना. चहा पितो आणि निघतो.

गेल्या वर्षी मामांचं हृदयाचं दुखणं निघालं. उपचारासाठी मामी त्यांना लातूरला लेकीकडं घेऊन गेल्या. दुकान बंद राहिलं ते राहिलंच. दोन महिन्यांनी निरोप आला, मामा गेले. मी रजा टाकली. माय म्हणाली, "मी येते." गाडीत तीन तास ती खिडकीबाहेर बघत बसली.

लेकीचं घर माणसांनी भरलेलं होतं. मामी भिंतीला टेकून बसल्या होत्या, डोळे कोरडे. समोर पाटावर मामांचा फोटो, हार घातलेला. घाईघाईत कुठल्यातरी स्टुडिओतून करून आणलेला. गोरापान, गुळगुळीत, नजर सरळ समोर. मी नमस्कार करून बाजूला झालो. माय मात्र फोटोपुढं उभीच राहिली. मग जाऊन मामींना खेटून खाली बसली.

"बाई," ती हळू आवाजात म्हणाली, "फोटो बराबर आलाय का?"

मामींनी मान वर केली. चार दिवस समोर असलेला फोटो त्या जणू आता पहिल्यांदा बघत होत्या. बराच वेळ बघितल्यावर त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"मंग सांगा की. कसे होते?"

आजूबाजूच्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. मला वाटलं, मामी आता रडणार.

"बोलताना डावा डोळा बारीक करायचे," त्या म्हणाल्या. "माझ्यासंगं भांडतानाबी. चाळीस वर्सं मला कळलं न्हाई, हा माणूस भांडायलाय का माझा फोटो काढायलाय." आणि एवढं बोलून त्या हसल्या. हसता हसता मायच्या खांद्यावर कपाळ टेकवलं, आणि त्यांना रडू फुटलं.

मी इतकी वर्षं त्या माणसासमोर बसलो, आणि मला तो डोळा कधी दिसला नव्हता. माय मामींच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "डावा डोळा. ध्यानात ठेव."